मागच्या माणसाचा विभाग
प्रोग्रॅम चुकत नाही, माणूस चुकतो, असं मी चाकणच्या एका कारखान्यात चार लोकांसमोर छातीठोकपणे बोललो होतो. आजही ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिथल्या कामगारांना विभाग नेमून देणारा वेब प्रोग्रॅम माझा. त्यात माहिती भरायला काळेवाडीहून एक कंत्राटी कारकून बाई यायची. कागदी रजिस्टरची रीत अशी, की विभाग बदलणार नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. कॉम्प्युटरवरही तसंच करा, चालेल, असं मीच तिला सांगितलं होतं.

एका सकाळी फिट येणाऱ्या एका कामगाराचं नाव पॅकिंगऐवजी प्रेस मशिनवर लागलं. सुपरवायझर नवा, आणि कामगार बिचारा कंत्राटी, काही न बोलता जाऊन उभा राहिला. तिथंच त्याला फिट आली. शेजारच्यानं मागं ओढलं म्हणून हात वाचले.

चौकशी बसली. "सर, मी रकाना रिकामाच सोडला होता," ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. मी सर्व्हर बंद करून परत चालू केला आणि त्याच माणसाची माहिती रकाना रिकामा ठेवून सगळ्यांसमोर भरली. पॅकिंगच आलं. "बघा," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नका म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी दुसरंच काही शोधताना माझ्याच प्रोग्रॅममधली चुकीची ओळ दिसली. हा प्रोग्रॅम दरवेळी नव्यानं सुरू होत नाही. सकाळी एकदा चालू झाला की दिवसभर मेमरीत तसाच राहतो. रकाना भरलेला असेल तर नवा विभाग घे, एवढंच मी लिहिलं होतं. रिकामा असेल तर काय, हे लिहिलंच नव्हतं. मग मागच्या माणसाचा विभाग तसाच शिल्लक राहायचा आणि पुढच्याला चिकटायचा. मी मात्र दर चाचणीआधी सर्व्हर बंद-चालू करायचो, त्यामुळे मागचं काही उरायचंच नाही आणि ज्याचा त्याचा जुना विभागच कायम राहायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि इथं चोर मीच.

मॅनेजरला सांगितलं. "दुरुस्त केलंत ना राव? मग आता कशाला उकरून काढता?" मी विषय तिथंच सोडला. काम हातचं जाईल अशी भीती वाटली, दुसरं काही नाही.

ती बाई काळेवाडीत जावेच्या किराणा दुकानात भेटली. उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटायला लागलं होतं, माझ्याच हातून झालं असेल," ती म्हणाली. "घरी तर कबूलही करून टाकलं मी." मग गिऱ्हाइकाला साखर देता देता तिनं विचारलं, "सर, हे लिहून द्याल? दुसरीकडं नोकरी मागताना दाखवता येईल."

"देतो," म्हणालो. त्याला चार महिने झाले. पत्र लिहून तयार आहे. सही फक्त माझीच लागते, तीच अजून केलेली नाही.