नातीने लावलेला गेरू

बाळ रडलं आणि नर्सने ते लेकीजवळ न देता दुसऱ्या खोलीत नेलं. लेकीच्या अंगभर कांजण्या होत्या, दोनच दिवसांपूर्वी उठलेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा वेळी जन्मलेलं पोर दगावू शकतं. मी बसले, उठले, त्या दारापाशी गेले. हाकललं, पुन्हा गेले.

बाईंनी विचारलं, "घरात आधी कोणाला आल्या होत्या?"

"हिच्या मोठ्या पोरीले. चार वर्षांची हाये. पंधरा दिवस झाले."

"आणि तिला कोणाकडून?"

"गल्लीत तं कोणालेच नाई."

"त्याआधी घरात कोणाला नागीण झाली होती का?"

मला झाली होती. लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली त्याच आठवड्यात. कमरेला फोडांचा पट्टा आणि नुसती आग. आमच्याकडे म्हणतात, नागिणीने वेढा पुरा केला, तोंड शेपटीला लागलं, की माणूस मरतो. सेलूला मंत्र टाकणाऱ्याकडे गेले, त्याने गेरू लावायला सांगितला. पाठीकडे माझा हात पोचत नव्हता, म्हणून नातीला बसवायची. ती बोटांनी गेरू फासायची आणि वेढा जुळायला किती उरलं ते बघून सांगायची, "आजी, अजून लय जागा हाये." मला माझ्या मरणाचं भ्या होतं. पोरीच्या बोटांचा विचार आला नाही.

"एकच रोग आहे, आजी," बाई म्हणाल्या. "कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगात दडून राहतो, म्हातारपणी नागीण होऊन उठतो. फोडांच्या पाण्यातून पोरीला गेला, पोरीकडून आईला."

लेकीला लहानपणी कांजण्या आल्याच नव्हत्या. तेव्हा मी देवीचे आभार मानले होते.

तिला मीच सांगितलं. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुले आपलीच पडली होती, माय. माह्या पोरीच्या हातानं नागीण मोजून राह्यली होती."

"हो," मी म्हटलं.

"मंग इथं काऊन बसली? बाळाकडं जाय."

बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शन दिलं होतं, तरी सहाव्या दिवशी पोटावर फोड उठले. मग हाताला सलाईन लावून औषध सुरू झालं. मी काचेबाहेर उभी राहायची, पाय दुखले की जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. लेकीलाही खोकला धरला, दम लागू लागला. तीन दिवस ऑक्सिजनवर होती.

बाळ जगलं. लेक जगली. मीही जगले.