आम्ही दळण परत आणलं

लग्न होऊन मी महाडहून पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर आले, ती नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कशेडीकडे जाणारा रस्ता सोडून बरंच वर चढलं की आमची वाडी. घरटी एक तरी माणूस मुंबईला. माझा नवराही तिकडे कारखान्यात होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. एरवी घरात सासूबाई आणि मी. सासूबाई मोजकंच बोलायच्या. मी शहरातली, मला इथलं काही जमणार नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि पहिलं वर्षभर मी ती खात्री रोज पक्की करत होते.

वाडीत पिठाची गिरणी एकच, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. विजेचा भरवसा नसायचा. त्यामुळे गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून तांदळाचे, नाचणीचे डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. गिरणीवाला वाडीतलाच, चाळिशीचा. देवळावरचे पत्रे त्यानेच घालून दिले होते, म्हणून गावकीत त्याच्या शब्दाला मान होता.

आमच्या शेजारच्या घरात माझ्यासारखीच एक नवी सून होती. माझ्याहून लहान, म्हणून मी तिला धाकटी म्हणायचे. तिचा नवरा मुंबईत हॉटेलात कामाला, सासू वारलेली, घरात म्हातारे सासरे. कामं करताना मोठ्याने गाणी म्हणायची तिला सवय होती. तिच्या गाण्यावरून ती विहिरीवर आहे की गोठ्यात, ते आम्हाला घरात बसून कळायचं.

चिंचा उतरवण्याचे दिवस होते. एका दुपारी धाकटी दळण घेऊन गेली आणि मध्येच वीज गेली. बाकीच्या बायका डबे तिथेच ठेवून घरी परतल्या. धाकटीचं दळण अर्धं झालं होतं. "लाइट येईल आता, थांब," असं म्हणून गिरणीवाल्याने तिला थांबवून घेतलं, आणि जरा वेळाने दार लोटलं.

मी आणि सासूबाई मागच्या पडवीत चिंचा फोडत बसलो होतो. धाकटी वहाळाच्या बाजूने पळत आली. केस, तोंड, साडी, सगळं पिठाने माखलेलं. ब्लाउजची बाही फाटली होती, बांगडी फुटून मनगटातून रक्त येत होतं. सासूबाईंनी चिंचा बाजूला सारल्या. तिला बसवलं, पाणी दिलं आणि आतून माझी धुतलेली साडी आणून तिच्या खांद्यावर टाकली. पाणी पिऊन झाल्यावर ती आपणहून बोलली.

"धरलान मला, काकी. हातात पिठाचा डबा व्हता. पीठ डोळ्यांत टाकला त्याच्या नि पळाले."

"बरा केलास," सासूबाई म्हणाल्या.

तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या वाडीला कळलं, आणि चूक कुणाची तेही तेवढ्या वेळात ठरून गेलं. नवरा मुंबईला असताना ही गिरणीत एकटी थांबली कशाला? सगळ्या परत आल्या, हिलाच कसली घाई होती पिठाची? गाणी म्हणत फिरते, मग माणसाला वाटणारच. असं बोलणाऱ्यांत बायकाही होत्या. धाकटीने घराबाहेर पडणं सोडलं. तिचं पाणीही मीच भरत होते.

पुढच्या रविवारी देवळासमोरच्या सहाणेवर गावकी बसली. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा ओटा. पुरुष त्यावर बसायचे आणि बायका लांब आंब्याखाली उभ्या राहून कानावर येईल तेवढं ऐकायच्या. गिरणीवाला म्हणाला, काळोखात तिचा पदर गिरणीच्या पट्ट्यात जाईल म्हणून मी तिला मागे ओढली, तिचाच काहीतरी गैरसमज झाला. वीज नसताना पट्टा फिरेल कसा, हे त्याला कुणी विचारलं नाही. ठरलं ते असं: यापुढे बायकांनी गिरणीवर एकटीने जायचं नाही, आणि वाडीचं नाव खराब झालं म्हणून धाकटीने शिमग्याच्या आधी देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांसमोर माफी मागायची. गिरणीवाल्याला "जरा जपून वाग रे," एवढंच सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "चल गो. दळण आणायचाय."

त्या दुपारच्या आधीच ठेवलेला आमचा डबा गिरणीत इतर डब्यांबरोबर ओळीत होता. गिरणीवाला म्हणाला, "काकी, तुमचा अजून दळायचा हाय."

"म्हणूनच न्यायला आल्ये," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उचलून माझ्या डोक्यावर दिला.

परतताना एक बाई अंगणातून विचारत होती, दळलं का म्हणून. सासूबाई थांबल्या. "नाय दळला. त्याच्याकडं दळायचा नाय मला." आणि पुढे चालू लागल्या. त्यांनी कुणाला समजावलं नाही, कुणाच्या घरी गेल्या नाहीत. पण त्या दुपारी मी वहाळावर धुणं धूत असताना एक बाई न दळलेला डबा घेऊन परत जाताना दिसली. मग आणखी एक. विहिरीवर धाकटीला नावं ठेवणारी एक होती, तीही आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण डबा तिच्या डोक्यावर होता. दोन-चार दिवसांत गिरणी सुरू झाली तरी तिकडे कुणी जाईना.

आता दळायचं कुठे? माळ्यावरची, गोठ्यातली जुनी जाती बाहेर निघाली. आमचं जातं सासूबाईंनी पडवीत मांडलं. पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड खरबरीत करून घेतला. पहिल्या दिवशी माझ्या हाताला फोड आले आणि पीठ झालं रव्यासारखं. सासूबाई समोर बसल्या, खुंट्यावर माझ्या हाताच्या वर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "जोर लावू नको. फिरतोय तसा फिरू दे." त्या सकाळी त्या माझ्याशी जितकं बोलल्या तितकं वर्षभरात बोलल्या नव्हत्या. त्यांचं माहेर, त्यांची आई, लग्नात नेसलेलं लुगडं. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की बोलल्याशिवाय राहवत नाही, हे मला तिथे कळलं.

हळूहळू आजूबाजूच्या बायका आमच्याच पडवीत यायला लागल्या. एका सकाळी धाकटीही आली. एकीने सरकून जागा दिली. ती खाली मान घालून दळत राहिली.

घरोघरी पुरुषांची कुरकुर सुरू झाली. भाकरी थापताना चिरायची, खाताना दाताखाली कचकच लागायची. धाकटीच्या सासऱ्यांना तर दातच नव्हते, ते भाकरी दुधात भिजवून खायचे आणि तक्रार मात्र एका शब्दाने करायचे नाहीत. शिमगा जवळ आलेला, मुंबईची माणसं यायची, पुरणपोळीचं दळण जात्यावर कसं निघणार म्हणून शेवटी गावकी पुन्हा बसली.

या वेळी बायका आंब्याखाली थांबल्या नाहीत. सासूबाई सरळ चालत गेल्या आणि सहाणेसमोर जमिनीवर बसल्या. त्यांच्यामागे धाकटी सोडून आम्ही सगळ्या बसलो. गावकीचा म्हातारा प्रमुख गोंधळला. "ती पोर कुठाय? तिचा नारळ राह्यलाय," तो म्हणाला.

"नारळ सगळ्यांनीच ठेवायचा का?" सासूबाईंनी विचारलं. "मी पण गेल्ये त्या गिरणीवर. दोन वर्षां झाली. पीठ देताना छातीला हात लावलान. मी म्हातारी बाय, कोनाला सांगू म्हणून गप राह्यले."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त पायाचा अंगठा माती उकरत होता. मागून एक आवाज आला, "माझा हात धरलान. मी दळण टाकून आल्ये." मग दुसरा. जी विहिरीवर धाकटीला नावं ठेवत होती ती उठून उभी राहिली आणि तिला बोलताच येईना, नुसती 'हो' अशी मान हलवत राहिली. तिचा नवरा सहाणेवर बसला होता. तो खाली उतरून तिच्याजवळ येऊन बसला. वाडीच्या जन्मात कुणी पुरुष असा बायकांत येऊन बसला नसेल.

धाकटीचे सासरे काठी टेकत उठले. "माझी सून माफी मागायची नाय," ते म्हणाले. "आणि उद्या तिला पोलादपूरला पोलिसांत नेतोय मी." गिरणीवाला तोवर निघून गेला होता. प्रमुख म्हणाला, वाडीतलं वाडीत मिटवू. पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली रस्त्यावरच्या गावात उतरलो. तिथे एका मुस्लिम कुटुंबाचा मालवाहू टेम्पो होता. घरातली सून आमच्या ओळखीची, नवरा आखातात नोकरीला, बाहेरची सगळी कामं तीच बघायची. काय झालंय ते ऐकून तिने आपल्या सासऱ्यांना गाडी काढायला सांगितली, आम्हाला चहा पाजला आणि बुरखा घालून स्वतःही आमच्याबरोबर मागे बसली. "मी पण येतंय," एवढंच म्हणाली.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "तक्रार एकीची, मग एवढ्या सगळ्या कशाला?"

"ती सांगताना एकटी नको म्हणून," टेम्पोवालीने उत्तर दिलं.

साहेबांनी बाकं द्यायला लावली. धाकटीने सगळं सांगितलं, कुठे थांबली नाही. ती सांगत असताना सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर होता. तक्रार नोंदली गेली, गिरणीवाल्याला आणलं गेलं. पुढे तो जामिनावर सुटला, पण वाडीत परत आला नाही. त्या शिमग्यात पुरणाची डाळ आणि गहू टेम्पोतून खालच्या गावातून दळून आले.

धाकटीचा नवरा मुंबईहून आला तेव्हा आम्हाला धास्ती होती. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पडवीत आला आणि सासूबाईंना म्हणाला, "काकी, ते जातं मला दाखवा." धाकटी दळत होती, तो तिच्यासमोर बसला आणि दळायला लागला. त्याला ते अजिबात जमेना. बायका हसून हसून लोळल्या. त्या दिवशी धाकटीचं गाणं पुन्हा ऐकू आलं.

महाडच्या कोर्टात खटला बरीच वर्षं चालला. प्रत्येक तारखेला आमच्यातल्या दोघी-तिघी धाकटीबरोबर जायच्या. कधी तारीख पुढे ढकलली जायची, कधी वकील नसायचे. त्याचं आम्ही फार मनावर घेतलं नाही, कारण चवदार तळ्यामागच्या गल्लीत माझं माहेर होतं आणि आई जेवायला वाट बघायची. जेवून आम्ही बाजारात बांगड्या बघायचो. डोंगरातल्या ज्या बायकांनी लग्नानंतर महाड पाहिलं नव्हतं, त्या तारखेची वाट बघायला लागल्या. कोण जाणार यावरून भांडणं व्हायची.

अखेर त्याला शिक्षा झाली. आम्हाला वाटली होती त्याहून कमी, पण झाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यावर मी धाकटीला विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "भूक लागल्ये, वहिनी."

आईकडे जेवल्यावर आम्ही मासळीबाजारात गेलो. दासगावकडच्या खाडीतली कोळंबी आली होती. धाकटीने ती निवडून निवडून घेतली, भाव करताना आवाज चढवला, आणि एसटीत पिशवी मांडीवर धरून बसली. पोलादपूर येईपर्यंत तिला झोप लागली होती. संध्याकाळी तिच्या चुलीवर कालवण झालं. सासूबाई दारातच पाटावर बसल्या होत्या. त्यांनी एक घास घेतला, जरा तिखट झालंय म्हणाल्या, आणि ताट पुढे करून आणखी वाढायला सांगितलं.