दसऱ्याला धुतलेलं इंजिन

मी माणसांना माफ करते, पण उशिरा. धाकट्या दिरांना अजून केलेलं नाही, आणि ते का, हे आज सांगून टाकते.

आमचं गाव दौंड तालुक्यात, केडगावच्या जवळ. माझी थोरली बहीण शिरूरकडं, पाबळला. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं. सुना चांगल्या आहेत, पण अंघोळीला ती माझ्याशिवाय कुणाचा हात लागू देत नाही. म्हणून दर गुरुवारी मी गाडी काढायची, तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. आमचे हे गेल्यावर गाडी दारात नुसती उभी होती. साठी उलटल्यावर मी ती चालवायला शिकले. तेव्हापासून धाकट्या दिरांचा तिच्यावर डोळा. त्यांना सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि उमेदवार चारचाकीतून उतरलेला बरा दिसतो.

मागच्या दसऱ्यानंतरचा पहिलाच गुरुवार. पारगावचा पूल ओलांडला आणि गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझाप करतोय. हा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश गॅरेज गाठावं, पण उघडझाप करायला लागला तर जागीच थांबावं, एवढं मोबाइलवर बघून मला ठाऊक होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातं आणि दुखणं वाढतं. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दिरांना फोन लावला. तिथंच चुकलं माझं.

ते ट्रॅक्टर घेऊन आले. गाडी दोरीनं बांधली, मला आत बसवलं आणि गावातून ओढत नेलं. दूध डेअरीपुढं मुद्दाम थांबले. बाकड्यावर चारपाच जण बसलेले.

"काय झालं रं गाडीला?" एक आबा म्हणाले.

"व्हायचंय काय? वहिनींनी इंजन खाल्लं." मग माझ्याकडं वळून, "चावी आता माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, वहिनी. तुमच्या वयाला एश्टी बरी."

सगळे हसले. तिकडं बहीण डोक्याला तेल लावून वाट बघत बसली असणार, आणि मी इकडं दोरीला बांधलेली. चावी मी कनवटीला खोचली आणि गप्प बसले. पण गप्प बसले म्हणजे विसरले, असं माझ्या बाबतीत कधीच झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीर मळ्यात गेले तसं मी बॉनेट उघडलं. आमच्या गाडीला चार सिलिंडर, प्रत्येकाच्या प्लगवर ठिणगी देणारी एकेक कॉइल. गाडी चालू केली आणि एकेका कॉइलची वायर काढून बघितली. पहिलीची काढली, इंजिन अजून अडखळलं. म्हणजे ती कामाची. लावली परत. दुसरीचं तसंच. तिसरीची काढली, तर काही फरकच नाही. चार जावांच्या घरात नांदलेय मी. जी उठून गेली तरी काम तेवढंच होतं, तीच कामचुकार, हे मला कुणी शिकवायला नको.

इंजिन बंद केलं, दहा नंबरच्या पान्यानं तिसरी कॉइल सोडवली आणि वर ओढली. खाली प्लगच्या खळग्यात पाणी. फडकं घालून टिपलं, तर फडक्याला शांपूचा वास. घरात तो शांपू एकटे दीर वापरतात.

मग सगळं लख्ख आठवलं. दसऱ्याच्या पूजेसाठी त्यांनी ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि माझी गाडी ओळीनं लावून धुतली होती, तीही फवारणीच्या पंपानं. त्या पंपाची धार अंगावर आली तर कातडं लाल होतं, आणि ह्यांनी ती बॉनेट उघडून आत धरली. वर झेंडूचा हारही घातला.

खळगा कोरडा केला, सायकलच्या पंपानं हवा मारली, कॉइल पुसून उन्हात ठेवली. प्लग गंजायला लागला होता. तो नमुन्याला घेऊन यवतला गेले, दिरांच्या सल्ल्याप्रमाणं एश्टीनं, आणि तसाच नवा आणला. बसवल्यावर इंजिन एका सुरात चाललं. उघडझाप थांबली. मी लगेच बंद केलं आणि कुणाला अवाक्षर बोलले नाही. जुना प्लग त्याच ओल्या फडक्यात गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी. वास जायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर माणूस भरलेलं असताना गेले. दीर म्हणाले, "आणली का चावी?"

"आणलीय की, भावजी. पण गाडी पूजेला कशी झळकत होती. धुतली कुणी हो?"

"कुणी म्हंजी? म्या धुतली. बॉनेट उघडून, पंपानं, पार आतपर्यंत. शांपू लावून."

"हात करा बरं पुढं."

त्यांनी हात पुढं केला. मी प्लग काढून घेतला आणि त्यावर फडकं ठेवलं. "वास घ्या. तिसऱ्या प्लगच्या खळग्यातलं पाणी हाय हे."

त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. आबांनी फडकं ओढून घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "आरं, इंजनाला न्हाऊ घातलंस व्हय? मग वेणी का न्हाई घातली?"

बाकडं हलेपर्यंत माणसं हसली. ट्रॅक्टरमागं बसून ऐकलेलं हसू मला अजून पुरतं आठवत होतं. हे त्याच्यापेक्षा मोठं होतं.

"झाली चूक, वहिनी," दीर पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. आबांना कमी ऐकू येतं," मी म्हणाले. आबांचे कान चांगले ठणठणीत आहेत. दीर मोठ्यानं बोलले.

तिथूनच गाडी घेऊन पाबळला गेले, वार गुरुवार नसताना. बहिणीच्या केसांत तेल तसंच होतं.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर विळा, कोयता, गाडीचे पाने मांडले आणि मधोमध तो गंजका प्लग ठेवला. पूजा घरातल्या पुरुषानं करायची आमच्यात रीत, म्हणून दिरांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि प्लग तेवढा वगळला.

"भावजी," मी म्हणाले, "मधला राहिला."