गव्हाणच्या मावशींचे ओटीपी

“सिम बदलू नकोस,” मी काउंटरवरच्या स्नेहाला म्हटलं. तिने नव्या सिमचं पाकीट फाडायला घेतलंच होतं.

दुपारचा एक वाजला होता. पनवेलमधल्या एका मोबाइल स्टोअरची मी मॅनेजर आहे. या कामात अकरा वर्षं झाली, त्यामुळे घाई कुठे नडते ते मला कळतं. काउंटरपलीकडे जवळच्या गव्हाण गावच्या घरत मावशी उभ्या होत्या, हातात बटणांचा जुना फोन घेऊन. त्यांची मुलगी मनाली नर्सिंग करून जर्मनीत गेली आहे. ती माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलवर होती.

इकडून परदेशात गेलेल्या मुलांची एक पद्धत आहे. इथला नंबर बंद करायचा नाही, कारण बँकेपासून आधारपर्यंत सगळं त्यालाच जोडलेलं असतं. मग ते सिम जुन्या फोनमध्ये घालून आईच्या हवाली करायचं. ओटीपी आला की मुलाने फोन करायचा आणि आईने आकडे वाचून दाखवायचे. मनालीने तेच केलं होतं. दोन दिवसांपासून मात्र या फोनवर एकही ओटीपी येत नव्हता.

“मॅडम, मला तिकडच्या नर्सिंग नोंदणीचा दाखला ऑनलाइन काढायचाय,” मनाली म्हणाली. “आज तुमच्या साडेतीनच्या आत तो इथे जमा झाला नाही, तर इथल्या नर्सच्या परवान्याच्या परीक्षेची जागा जाईल. वर्षभर सहायक म्हणूनच राबावं लागेल. तुम्ही ई-सिम करा ना. ओटीपी थेट मलाच येतील.”

ई-सिम म्हणजे कार्ड नसलेलं सिम. कोड स्कॅन केला की नंबर फोनमध्ये उतरतो, मग फोन जर्मनीत का असेना. मागणी चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. सिम बदललं की सुरक्षेसाठी चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस बंद राहतात. साधं असो वा ई-सिम, नियम तोच. म्हणजे ओटीपी आला असता उद्या दुपारी.

तेवढ्यात एरिया मॅनेजर सरांचा फोन स्टोअरच्या लाइनवर आला.

“मॅडम, आज ई-सिम किती?”

“एकही नाही, सर.”

“समोर कस्टमर असेल ना? करून टाका.”

“केलं तर तिचं काम बुडेल, सर. नंतर बोलते.”

मी मावशींकडून फोन घेतला. रेंज पूर्ण, रिचार्ज चालू. स्नेहाने त्या नंबरवर कॉल केला, तो लागला. मग तिने मेसेज पाठवला, तो आला नाही. तेव्हा मी स्क्रीनचा वरचा कोपरा नीट पाहिला. तिथे पाकिटाचं एक बारकं चित्र लुकलुकत होतं.

स्नेहाने विचारलं, “हे काय?”

तिचा दोष नाही. तिच्या पिढीने हे पाकीट पाहिलेलंच नाही. अशा फोनमध्ये ठरावीकच मेसेज मावतात. इनबॉक्स भरला की नवीन मेसेज आत येत नाही, नेटवर्कवरच अडून बसतो. मला एकदम हलकं वाटलं. दोन मिनिटांचं काम होतं.

“मावशी, जुने ओटीपी पुसून टाकते.”

त्यांनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. “नाय, नाय. ते पुसू नका.”

“अगं आई, ते जुने आकडे आहेत. काही उपयोग नाही त्यांचा,” मनाली म्हणाली.

“तुला नसंल. मना हाय.” मावशी माझ्याकडे वळल्या. “रविवारी पुतण्याच्या फोनवर तिचा तोंड दिसतो. बाकीच्या दिवशी ह्योच वाजतो. ओटीपी आला का मना समजतं, पोर उठली, तिचं काय तरी काम चाललंय. मंग ती फोन करते. हे सगले मी ठेवलेत.”

घड्याळात दीड वाजून गेला होता.

मी मावशींना इनबॉक्स उघडायला सांगितला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. दर दोन ओटीपींमागे एक मेसेज आमच्याच कंपनीच्या ऑफरचा होता. रिचार्ज करा, कॉलर ट्यून घ्या, बक्षीस जिंका.

“हे पुसले तर चालतील?”

“ते पुसा. त्यांचा मना काय करायचाय?”

आम्ही आमच्याच जाहिराती पुसल्या. सत्तरएक असतील. पाकीट लुकलुकायचं थांबलं, अडकलेले मेसेज एकामागून एक आले. ते ओटीपी शिळे झाले होते. मनालीने नवा मागवला. फोन वाजला. ग्राहकाचा ओटीपी आम्ही बघत नाही, म्हणून मी मान फिरवली.

“सात, पूज्य, पूज्य, चार, नऊ, दोन,” मावशींनी ठणठणीत आवाजात वाचलं. मी मान फिरवून काही उपयोग झाला नाही.

अडीचच्या आत दाखला निघाला आणि जमाही झाला. मनाली खुर्चीत मागे रेलली. “मॅडम, आता ई-सिम करून टाका. चोवीस तास थांबेन मी. आईला रोजची कटकट नको.”

आता कसलीच अडचण नव्हती. नंबर घेतला तेव्हा मनाली अठरा वर्षांची नव्हती, म्हणून सिम मावशींच्या नावावर होतं आणि अंगठाही त्यांचाच लागणार होता. त्यांनी तो पदराला पुसलासुद्धा.

“मॅडम, मंग ह्या फोनवर काय येल?”

“काही नाही येणार, मावशी.”

त्यांनी अंगठा मुठीत घेतला. “मंग राहू दे. मना कटकट नाय व्हत.”

मनाली म्हणाली, “बरं. राहू दे, मॅडम. आई, मी ओटीपी नसला तरी फोन करीन.”

“कर. पर ओटीपी पन पाठव.”

संध्याकाळी सरांनी विचारलं, ते ई-सिम का झालं नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘ग्राहकाने नकार दिला.’

नवीन स्टाफला मी सांगते, मेसेज येत नाही म्हणून कुणी आलं तर आधी इनबॉक्स बघा, सिमला नंतर हात लावा. आणि ग्राहक कोण, ते फॉर्मवरचं नाव वाचून ठरवा. घाई बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी असते.