खूण सांगा, अक्का

नरसय्याअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेत पडद्याचं कापड घेत होते. दुकानदार विचारत होता, किती मीटर? यादी हातातच होती, तरी मला सांगता येईना... महिना होत आला, पण डोकं अजून तसंच आहे.

अण्णा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळीत. मी तिथली व्यवस्था बघते: सामान, वेळा, चहा. आमच्या नाटकात वेढा पडलेलं एक नगर आहे, बाहेर राक्षसांची फौज आहे आणि वेशीवर एक इमानी राखणदार आहे. परवलीची खूण सांगितल्याशिवाय तो राजालाही आत घेत नाही. ते काम अण्णांचं. प्लायवूडचं दार उभं राहिलं की तालमीआधीही ते प्रत्येकाला अडवत. माझ्या दोन्ही हातांत भाल्यांचा भारा असायचा.

"खूण सांगा, अक्का."

"अण्णा, हात दुखायलेत. बाजूनं सगळं मोकळंच आहे, तिकडून येऊ का?"

"बाजूनं चोर येतेत. तुमी चोर हाय का?"

"निळा कंदील!" मी ओरडायचे. मग कडी निघायची.

शेवटच्या प्रवेशात तह होतो, तो करून परतलेली राणी बाहेरून खूण सांगते आणि राखणदार दार उघडतो. अण्णांनी ते दर प्रयोगाला उघडलं. त्यांच्या शेवटच्या प्रयोगात उघडलं नाही. राणीनं दोनदा खूण सांगितली. अण्णा कडीवर हात ठेवून उभेच. विंगेत मला राणीची कुजबुज ऐकू आली, "अवो अण्णा, उघडा की, लोक बघायलेत!" शेवटी मी पडदा पाडायला सांगितलं. टाळ्या मात्र थांबेनात. कशाला वाजल्या, तेही मला कळलं नाही.

विचारलं तर म्हणाले, कडी अडकली. ती मी स्वतः तेल घालून तपासली होती. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "बाहेरचा आवाज राणीचा वाटला न्हाई." नंतर नुसतेच हसले... मग आजारी पडले. दवाखान्यात मी हेच विचारायचं ठरवून गेले. दारात पाऊल टाकलं तर डोळे मिटलेलेच, आवाज खोल. "खूण?" मी सांगितली. "या आत." नंतर आम्ही गोळ्यांबद्दल आणि कारखान्यातल्या रजेबद्दल बोललो. विचारायचं राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर अण्णांच्या घरी गेले, वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या दाराला दिवसा कडी लावू देत नव्हते, अक्का. कोणबी यावं, जेवून जावं. तितं असं का केले, मला काय माहीत?" मी आणखीच गोंधळले.

आता नाटक पुन्हा बसतंय. शेवटी दार उघडायचं की अण्णांसारखं बंद ठेवायचं, हे सगळे मलाच विचारतात. अण्णांना मी जवळून ओळखत होते म्हणे. मी अजून काही सांगितलेलं नाही. काल भाल्यांचा भारा घेऊन दारापुढे गेले. किरण नवा राखणदार आहे. त्यानं चटकन दार उघडलं. "या ना, मॅडम."

मला आत जाववेना.

"आधी लाव ते," मी म्हणाले. "आणि खूण विचार."

दार लागलं, कडी सरकली. आतून त्यानं बिचकत खूण विचारली. मी "निळा कंदील" म्हणाले आणि तो उघडतो की नाही, हे बघत बाहेर उभी राहिले... हात दुखत होते. बाजूनं सगळं मोकळंच होतं.