भोपळ्याखालचं मृत्युपत्र

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायली निकालानंतर बांधून माळ्यावर टाकता येतात, किश्श्यांना तशी सोय नाही. लॉकडाऊनमधले तर अजून माझ्या डोक्यात उघडेच पडलेत.

तेव्हा आमचं ऑफिस तीन ठिकाणी होतं. आमच्या वकील मॅडम कोथरूडला त्यांच्या गॅलरीत, मी माझ्या स्वयंपाकघरात आणि आमचे क्लार्क शिंदेकाका लोणी काळभोरला त्यांच्या शेतात. फोन मी घ्यायचे आणि मॅडमना जोडून द्यायचे. त्यामुळे सगळं ऐकायला मिळायचं. हा माझा त्या काळातला सर्वात मोठा फायदा.

* * *

पहिल्याच आठवड्यात एका कारखानदारांचा फोन आला. सगळीकडे वर्क फ्रॉम होम चाललंय, मग आमच्या कामगारांनाही तसं लेखी सांगितलं तर कायद्यानं चालेल का, असं त्यांना विचारायचं होतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "काय बनवता आपण?"

"लेथ मशीनवर पार्ट काढतो."

"मग चालेल. लेथ त्यांच्या घरी कधी पोचवताय?"

* * *

एका आयटी कंपनीच्या मॅनेजरची तक्रार वेगळी होती. क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग चालू असताना एका कर्मचाऱ्याच्या सासूबाई मागे येऊन कपडे वाळत घालत होत्या. एकदा नाही, रोज. शिस्तभंगाची नोटीस काढता येईल का?

मॅडम म्हणाल्या, "सासूबाई आपल्या पेरोलवर आहेत का? नाहीत ना? मग त्यांना शिस्त लावायचं काम त्यांच्या जावयालाही जमलेलं नाही, आपण कशाला पडता?"

* * *

आमचं एक जोडपं होतं. संमतीनं घटस्फोट घेणार होतं, तेवढ्यात कोर्टच बंद झालं आणि दोघं एकाच वन बीएचकेत अडकले. एका घरात राहून 'वेगळे राहतो' असं म्हणता येतं का, हे त्यांना विचारायचं होतं. येतं, संसार वेगळा असला की झालं, असं मॅडमनी सांगितलं. मग बायको बेडरूममध्ये, नवरा हॉलमध्ये, अशी वाटणी झाली.

महिन्याभरानं नवऱ्याचा फोन. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, भांडी मी घासतो आणि थालीपीठ ती देते, तर केस कमजोर होते का?"

"फार," मॅडम म्हणाल्या. ती फाईल पुन्हा उघडली नाही. मला त्याचा अजून आनंद होतो.

* * *

पण सगळ्यात जीव गुंतला होता तो आजींमध्ये. आमच्या जुन्या अशील, वय ब्याऐंशी, दुसऱ्या मजल्यावर एकट्या. मूलबाळ नाही. सहा वर्षं त्यांचं सगळं त्यांची मदतनीस मंगल बघायची. सोसायटीच्या चेअरमननी तिला गेटवरच अडवलं. बाहेरचं कुणी नको, फक्त घरातली माणसं! मंगल रोज सकाळी चालत यायची. आजी गॅलरीतून टोपली सोडायच्या, वॉचमन त्यात तिचा डबा ठेवायचा. मग ती गेटबाहेर उभं राहून, आजी जेवायला बसल्या की परत जायची. आजींना तर उठतानाही आधार लागायचा. एखाद्या दिवशी पडल्या तर, या विचारानं मला धड काम सुचत नव्हतं.

वृद्धांच्या मदतनीसांना अडवता येत नाही, असं पत्र मॅडमनी धाडलं. चेअरमनचं उत्तर आलं की विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. आणि मीटिंग घ्यायला बंदी होती.

नवव्या दिवशी आजींचा फोन. "मोठ्या माणसाला दत्तक घेता येतं का हो? चेअरमन म्हणतात, घरातलंच माणूस हवं."

येत नाही, असं मॅडमनी सांगितलं. आजी म्हणाल्या, "तर मृत्युपत्र करा. फ्लॅट मंगलला."

ते मी टाइप केलं. पुढे कुणी मंगलनं दबाव टाकला म्हणालं तर, अशी भीती मी बोलून दाखवली.

"नऊ दिवस ती आत आलेली नाही, हे गेटच्या रजिस्टरात आहे," मॅडम म्हणाल्या. "चेअरमनचे आभार मान."

* * *

शिंदेकाकांकडे भाजीच्या टेम्पोचा पास होता. कोथिंबिरीच्या जुड्यांखालून ते कागद घेऊन आले. साक्षीदार दोन हवेत आणि त्यांनी आजींना सही करताना बघायला हवं. पण रहिवाशांपैकी कंपाउंडमध्ये वावरायची परवानगी दोघांनाच होती, चेअरमन आणि सेक्रेटरी. काकांनी गेटवरून त्यांनाच विनंती केली.

टोपलीतून कागद वर गेले. आजींनी गॅलरीत, सगळ्यांना दिसेल अशी सही केली. कागद खाली आले. आजी कठड्याला धरून वरून बघत होत्या आणि खाली चेअरमननी खिशातलं भारी पेन काढून ऐटीत सही केली. मागोमाग त्याच पेननं सेक्रेटरीनं.

"आत काय लिहिलंय हो?" चेअरमननी विचारलं.

"साक्षीदारानं आतलं वाचायचं नसतंय साहेब," काका म्हणाले. "सही करताना दिसल्या न्हवं? झालं तर."

वारा सुटला होता. कागद उडू नयेत म्हणून काकांनी गेटवरून शेतातला लाल भोपळा दिला, तो वॉचमननं टोपलीत वर ठेवला. चांगला पाच किलोचा. आजींनी दोरी ओढली. टोपली जागची हलेना.

आता वर जाऊन ओढणार कोण? आजींना दोन दिवस सर्दी होती. सेक्रेटरीनं चेअरमनकडे बघितलं, चेअरमननी वॉचमनकडे, वॉचमननं गेटकडे. गेटबाहेर मंगल उभी होती.

"जा बाई, तूच जा," चेअरमन म्हणाले.

ती धावतच जिना चढली. टोपली सरसर वर गेली. तेव्हा चेअरमननी खिसा चाचपला. "अहो आजी, माझं पेन टोपलीत गेलं!"

आजी मंगलचा हात धरून कठड्याशी आल्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "मंगल उद्या येताना देईल."