व्हर्जन साइडवरचा ‘नाय’

असले अनुभव वाचायला मला आवडतात, पण खरे मानायला कधी जमलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं मी क्वालिटी खात्यात काढली. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही तिथली सवय घरीसुद्धा सुटली नाही. गावाकडं कुणी ‘तिथं काहीतरी आहे’ म्हटलं की मी स्वतः जाऊन बघून यायचो... तिथं कधीच काही नसायचं. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली. आणि खरं सांगू? जे ऐकलं ते लिहिणं त्यामानानं सोपं होतं. मी जे केलं होतं, ते लिहायला हात उचलत नव्हता.

मी मूळचा फुलंब्रीचा. वडील मेंढरं राखायचे. घरातून शहरात कॉलेजला आलेला पहिला मीच. चाळीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या औरंगाबादेत, मुकुंदवाडी स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत दुसरा होता जोसेफ. केनियाहून एम.ए. करायला आलेला, सव्वासहा फुटांचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्या काळी आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी आपल्या शहरात असायचे. जोसेफनं सोबत एक रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डची लाकडी पेटी आणली होती. प्लेअर बिघडला, म्हणून शहागंजात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराचा मुलगा रफीक आमच्याच वयाचा. प्लेअर दुरुस्त झाला आणि आम्ही दोघांचे तिघं झालो.

पेटीत जमैकाच्या एका गायक त्रिकुटाच्या दोन लहान रेकॉर्ड होत्या. त्रिकुटाचं नाव ‘केनफील्ड थ्री’. रेगे गाणारी तीन माणसं — एक खालच्या पट्टीत, एक मधल्या, एक वरच्या. चार रेकॉर्ड काढल्या आणि कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. रेगेत ठोका आपण वाट बघतो तिथं पडत नाही, जरा बाजूला पडतो. आधी चुकल्यासारखं वाटतं, मग सोडवत नाही.

या रेकॉर्डची एक गंमत सांगायलाच हवी. पुढच्या बाजूला गाणं असतं, आणि मागच्या बाजूला तेच गाणं आवाज काढून टाकलेलं. नुसते ढोल आणि बास. त्याला ‘व्हर्जन’ म्हणतात. मधूनच रेकॉर्डिंगवाला वाद्यंही बंद करतो, आणि दोन-तीन सेकंद नुसती पोकळी राहते. आम्ही तिघं व्हर्जन लावून त्यावर गायचो. खाली जोसेफ, मध्ये मी, वर रफीक.

गाणं सुरू करताना जोसेफ एक-दोन-तीन-चार मोजायचा नाही. मी त्याला मराठी शिकवायला घेतली ती दोन शब्दांवरच अडली होती — व्हय आणि नाय. त्यालाच त्यानं ताल बनवलं. बोटानं टेबलावर ठोकत म्हणायचा, “व्हय — नाय — व्हय — नाय,” आणि चौथ्या ठोक्यानंतर आम्ही सुरू.

रफीक हसून लोटपोट. “अबे फुलंब्री, इसकू आगे की मराठी सिखा रे! नै तो निकाह में भी कबूल है के बदले हौ-ना हौ-ना करते बैठेंगा.”

मला दोघंही ‘फुलंब्री’च म्हणायचे.

शिक्षण संपलं, जोसेफ परत निघाला. शेवटच्या दुपारी त्यानं दोनातली एक रेकॉर्ड, जिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त गायलो ती, रफीकच्या पिशवीत ठेवली. माझ्यासमोर. मला काहीच दिलं नाही. तीन वर्षं एका खोलीत राहिलो, त्याच्या तापात रात्ररात्र उशाशी बसलो, भाकरी करून घातली... आणि रेकॉर्ड रफीकला? रफीक खाली चहा सांगायला गेला. जोसेफ खिडकीकडं तोंड करून सामान बांधत होता. मी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि माझ्या गादीखाली सरकवली.

एवढंच. मोजून चार सेकंद लागले असतील.

दुसऱ्या दिवशी रफीक फणफणत आला. “दी हुई चीज वापस ले गया बे वो! सामने देके पीछे से निकाल लिया.” त्याच्या डोक्यात माझं नाव आलंसुद्धा नाही. मी गप्प बसलो. पुढं जोसेफची पत्रं त्याच्या दुकानावर आली, तीन. तिन्ही त्यानं माझ्यासमोर न उघडता फाडली. मी तेव्हाही गप्प बसलो. रेकॉर्ड मी फुलंब्रीला नेऊन पत्र्याखालच्या ट्रंकेत लपवली होती. उन्हाळ्यात ती पापडासारखी वाकडी झाली. ती मी पडक्या विहिरीत टाकली. वाजवली एकदाही नाही.

वर्षं गेली. रफीकच्या वडिलांमागं दुकान त्याचं झालं, माझं लग्न, नोकरी. पण केनफील्ड थ्रीचा नाद रफीकला कायमचा लागला. इंटरनेट आल्यावर कळलं की जगात आमच्यासारखे पंधरा-वीस वेडे आहेत. कुणी इंग्लंडात, कुणी जपानात. एकमेकांना फोटो पाठवायचे, रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या कड्यावर खरवडलेले नंबर जुळवायचे. रफीकनं चारातल्या तीन मिळवल्या. राहिली होती ती, पिशवीतली. तिच्या शोधात सगळ्यात जास्त राबलो ते मी. रफीक सगळ्यांना सांगायचा, “मेरे से जादा दीवाना तो ये है.” मी मान खाली घालायचो. मला वाटायचं, तशीच दुसरी शोधून त्याच्या हातात ठेवली की झालं, सांगायची गरजच नाही. सोळा वर्षं मी त्या एका गोष्टीमागं लागलो. शेकडो मेल लिहिले असतील.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडं ती निघाली. माझ्याकडच्या दोन दुर्मीळ रेकॉर्डच्या बदल्यात त्यानं पाठवली. पार्सल न फोडता मी शहागंजात नेलं. रविवार होता, सकाळचे अकरा, बाजार भरलेला. रफीकनं खोकं उघडलं, नंबर बघितला, आणि उजेडात धरून पुन्हा बघितला. या रेकॉर्डना मधलं भोक मोठं असतं. त्यासाठी त्यानं कॉलेजात असताना स्लिपरच्या रबराची चकती कापली होती, तीच अजून वापरतो. ती बसवली, सुई ठेवली.

पुढची बाजू वाजली. मग त्यानं उलटवली.

ढोल, बास. रफीक डोळे मिटून डोलत होता. टेबलावर त्याची बोटं चालली होती. तो म्हणाला, “देख फुलंब्री, मिलीच ना आखिर मेरेकू! वो चोट्टा जोसेफ ले गया था तो क्या हुआ—”

तेवढ्यात वाद्यं थांबली, ती नेहमीची पोकळी. आणि स्पीकरमधून आवाज आला,

“नाय.”

स्वच्छ. शांत. विहिरीतून आल्यासारखा.

मग ढोल पुन्हा सुरू झाला, जणू काही झालंच नाही.

रफीकनं डोळे उघडले. “तू बोला?”

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं सुई उचलून मागं ठेवली. पोकळी आली, गेली. काही नाही. पुन्हा. काही नाही. आठ वेळा लावली. बाहेर भाजीवाला ओरडत होता, रिक्षा चालल्या होत्या, पण ‘नाय’ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

“जोसेफ था वो,” रफीक हळूच म्हणाला. “तूने भी सुना ना? नाय बोला. कायकू नाय बोला?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पस्तीस वर्षांची सवय होती.

“कारण त्यानं नेली नव्हती,” मी म्हणालो.

तो माझ्याकडं वळला. “तूने?”

शहरात आल्यापासून मी गावची बोली तोंडातून काढून टाकली होती. त्या दिवशी दुसरा शब्दच आला नाही.

“व्हय.”

सगळं सांगितलं. गादी, ट्रंक, विहीर, फाटलेली पत्रं. रफीक ओरडला नाही. त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, “घर जा, फुलंब्री.”

सतरा दिवस फोन नाही. अठराव्या दिवशी आला. सलाम-नमस्कार काही नाही. “रेकॉर्ड बहोत ढूंढे. अब आदमी ढूंढ. ढूंढे बगैर मेरेकू मुँह नक्को दिखा.”

मी शोधायला बसलो. धागा रफीकनंच दिला. पत्रं फाडली होती, पण पाकिटांचे तिकिटं असलेले कोपरे त्यानं कापून ठेवले होते. संग्राहकाचे हात, शिक्का असलेलं तिकीट फेकवलं नाही! भिंग लावून शिक्का वाचला, केनियातलं किसुमू. जोसेफला शिक्षक व्हायचं होतं, एवढं आठवत होतं. त्या भागातल्या शाळांचे पत्ते काढले आणि एकेका शाळेला लिहीत गेलो. कुणी उत्तर देईना, मी पुन्हा लिहायचो. पाच महिन्यांनी एका शाळेनं त्याच्या मुलीचा, ग्रेसचा, नंबर पाठवला.

व्हिडिओ कॉल रफीकच्या दुकानातूनच केला. पडद्यावर जोसेफ आला. केस पांढरे, खांदे तेच. हसला, पण बोलेना. गळ्याला रुमाल होता. ग्रेस म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढावी लागली. तेव्हापासून ते पाटीवर लिहितात.

रफीकनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघंही तीच आकडेमोड करत होतो. नऊ वर्षं ज्या गळ्यात आवाज नाही, तो आम्ही सहा महिन्यांपूर्वी ऐकला होता.

मी माझी चोरी सांगितली. इंग्रजी धड जमेना, तरी थांबलो नाही. जोसेफ पाटीवर बराच वेळ लिहीत होता. ग्रेसनं वाचून दाखवलं — “मला माहीत होतं. खिडकीच्या काचेत दिसलं होतं. रफीकला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, फुलंब्रीकडून मागून घे, त्याच्यावर रागावू नको. एक रेकॉर्ड आणि दोन मित्र, चूक माझीच.”

रफीक काउंटरवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं झटकला. थोड्या वेळानं पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

मग जोसेफनं पाटी बाजूला केली आणि बोटानं टेबलावर ठोकलं. एक, दोन, तीन, चार. आणि आमच्याकडं बघत थांबला. रफीकनं धडपडत रेकॉर्ड लावली, व्हर्जनची बाजू. आम्ही दोघं गायलो. पंचावन्नची माणसं, भरदुपारी, गिऱ्हाइकं दारात उभी. खालच्या पट्टीची जागा मोकळी ठेवली. पडद्यावर जोसेफचे ओठ हलत होते.

माझ्या परीनं तपास मी केला आहे. इंग्लंडातल्या म्हाताऱ्याला विचारलं, त्यानं ‘नाय’ कधी ऐकला नव्हता. जपानात याच नंबरची, याच साच्यातली दुसरी प्रत आहे. तिची फाइल मागवून ती पोकळी कॉम्प्युटरवर ताणून ताणून पाहिली. आमच्या प्रतीचीही पाहिली. सुईची खरखर, बाकी काही नाही. कुठलं रेडिओ स्टेशन स्पीकरमध्ये शिरलं असेल का, तेही तपासलं. रफीक म्हणतो, “रेडिओ का काम मेरेकू मत सिखा.” दोघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर रफीकच्या मनात जोसेफ चोरच होता, त्याला ‘नाय’ कसा ऐकू येईल?

क्वालिटीत असतो तर हा तुकडा मी नापास केला असता. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असतं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

दर रविवारी अकराला आम्ही किसुमूला फोन लावतो. ठोके जोसेफ देतो. त्यावरचे व्हय-नाय मी म्हणतो, मोठ्यानं, चारही.